टेबलाची उजवी बाजू

बेटावरच्या आरोग्यधामात आठवड्याच्या मुक्कामाला येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी दारात सोडायला सांगत. चपला, मोबाईल आणि मतं. पहिल्या दोहोंसाठी दाराशी कप्प्यांचं कपाट होतं. मतं मात्र जो तो आठवडाभर बरोबर घेऊनच हिंडायचा आणि निघायच्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून हलका व्हायचा. त्या शेवटच्या सकाळच्या बैठकीला तिथे ‘मोकळीक’ म्हणत. या खेपेला थोरलीला त्या मोकळिकीची धडकी भरली होती.

थोरली ही तेल लावणाऱ्या बायकांतली सगळ्यात जुनी. बेटावर नुसते नारळ आणि खेकडे होते, तेव्हा वैद्यबाईंनी दोन खोल्या बांधून पहिला पाहुणा आणला. त्याच्या पाठीवर पहिला हात पडला तो थोरलीचा. त्यानंतर किती पाठी तिच्या हाताखालून गेल्या, ते देवच जाणे. माणसाच्या तोंडाकडे ती फारशी बघायची नाही. पाठ खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि तोंडांबद्दल तिचं मत एकूण वाईटच होतं. तिचं स्वतःचं तोंडही काही अपवाद नव्हतं. ते जन्मापासूनच रागावलेलं होतं. कधी मनापासून हसली तर समोरचा विचारायचा, दाढ दुखतेय का?

आता तिथलं तेल लावायचं काम एकटीचं नसतं. माणूस मधे लांबट लाकडी टेबलावर पालथा, एक बाई त्याच्या उजवीकडे, एक डावीकडे. चारही हात खांद्यावरून एकदम निघाले पाहिजेत आणि तळपायाशी एकदम पोचले पाहिजेत. दोघी जणी आहेत हे पाठीला कळलं, की काम फसलं. थोरलीची जोडीदारीण होती धाकटी, म्हणजे तिच्या धाकट्या दिराची बायको. धाकटी सासरी आली तेव्हा तिला तेलाच्या बाटलीचं बूचसुद्धा धड काढता येत नव्हतं. थोरलीनं तिला हाताला धरून शिकवलं, तेही सासूबाईंच्या पाठीवर. त्या काळात सासूबाईंनी सुनांविरुद्ध एक अक्षर काढलं नाही. तोंड उशीत असायचं.

काम शिकवताना थोरलीनं एक नियमही शिकवला होता. तेलातला किंवा वाफेतला माणूस म्हणजे तान्हं मूल, त्याला एकटं सोडायचं नाही. घरात मूल एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जातं तसं. खोलीबाहेर जाणारीनं म्हणायचं, ‘दिला.’ आत राहणारीनं म्हणायचं, ‘घेतला.’ उत्तर आल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाई माणूस असेल तर ‘दिली’ आणि ‘घेतली’. एकदा एका थोर शास्त्रज्ञाला टेबलावर पालथं पडल्या पडल्या आपण दिले-घेतले जातो आहोत हे कळलं, तेव्हा तो गदगदून हसला होता. पण नियम नियमच राहिला, आणि थोरलीच्या खोलीत कधी कुणाला साधी चक्करही आली नाही.

आणि उजवी बाजू थोरलीची. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण पंगतीत वडीलधाऱ्याचा पाट जसा ठरलेला असतो तसं ते ठरलेलं होतं.

दुखणं येतं हत्तीच्या पावलानं म्हणतात, पण थोरलीचं आलं मुंग्यांच्या. सकाळी उठल्यावर उजव्या हाताला मुंग्या यायच्या. आधी बोटांना, मग तळव्याला, मग मनगटापर्यंत. कपबशी हातातून निसटायला लागली. थोरलीनं दोष कपबश्यांना दिला. हल्ली कान नीट बसवत नाहीत, म्हणाली. कुणाला काही सांगितलं नाही. पण तेल लावणाऱ्या बाईचा हात आणि गाणाऱ्याचा गळा, झाकून किती दिवस झाकणार? मोकळिकीत पाहुणे बोलायला लागले. एक म्हणाला, डावी बाजू कापसासारखी झाली, उजवी आणली होती तशीच परत नेतोय. एक व्यापारी होता, त्यानं तर उभं राहून जाहीर केलं, की मी पूर्ण आठवडा राहिलो आणि अर्धाच बरा झालो.

वैद्यबाईंनी थोरलीला बोलावून हात पाहिला, बोटं दाबली. त्या वाईट बाई नव्हत्या. हाताला जोराचं काम नको, एवढंच म्हणाल्या. आणि मग डोळे खाली करून पुढचं म्हणाल्या, की पुढच्या तुकडीतून अशी तक्रार आली तर मावशी, तुम्ही दाराशी. येणाऱ्याला शहाळं द्यायचं आणि हसायचं.

थोरलीला वाटलं, यापेक्षा मला लाँचमधून समुद्रात ढकला. लाँच तिच्याच नवऱ्याची, तेवढं काम घरच्या घरी झालं असतं. जन्मभर हाताची भाकरी खाल्ली, आता तोंडाची खायची. तेही या तोंडाची.

धाकटीला हे सगळं थोरलीच्या आधी कळलं होतं. समोर उभी राहून काम करणारीला समोरचा हात कळणार नाही तर कुणाला? उजवीकडे उभं राहिलं की जोर उजव्या हातावर येतो, डावीकडे डाव्यावर. उपाय सोपा होता. म्हणून एक दिवस तेलघरात, चार बायका बाटल्या भरत बसलेल्या असताना, धाकटी सहज म्हणाली, “ताई, उद्यापासून तुम्ही डावीकडे या ना, मी उजवीकडे उभी राहते.”

मनात काही नव्हतं बिचारीच्या. पण चार बायकांसमोर! थोरलीला ऐकू आलं ते वेगळंच. तिला ऐकू आलं, की म्हातारे, ऊठ आता पाटावरून. ती म्हणाली, जागा हवी असेल तर वैद्यबाईंकडे माग, आणि यापुढे माझ्याशी बोलू नकोस. धाकटीच्या नाकावरही काही माशी बसत नव्हती. बरं, नाही बोलत, म्हणाली. आणि खरंच बोलली नाही.

जावा जावा, उभा दावा, असं उगाच म्हणत नाहीत. घर एक, चूल एक, आणि मधे बसलेल्या सासूबाई. त्यांना सांगा, भात उतरवलाय. त्यांना म्हणावं, दिसतोय. त्यांना विचारा, बादली कुणी नेली. सासूबाई दोन दिवस निरोप पोचवत होत्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी कानातलं यंत्र काढून डब्यात ठेवलं आणि आता मला काही ऐकू येत नाही म्हणून मोकळ्या झाल्या. दोघे भाऊ दिवसभर लाँचवर असायचे, एक चालवायचा, एक इंजिन बघायचा. त्यांना समुद्र घरापेक्षा शांत वाटायला लागला.

अशात वैद्यबाईंनी जाहीर केलं, की पुढचा आठवडा मौनाचा. पाहुण्यांनी बोलायचं नाही, खोल्यांतून बायकांनीही गरजेपुरतंच. ते ऐकून बाकीच्या बायका हबकल्या, पण या दोघींना मनातून बरं वाटलं. आता आपल्या अबोल्याला सरकारी मंजुरी मिळाली.

मौनाच्या तुकडीत एक निवृत्त न्यायाधीश आले, सपत्नीक. उंच, वाळके, भुवया मिशांएवढ्या. लाँचमधून उतरताना ते बोलत होते, चपला काढताना बोलत होते, मोबाईल कप्प्यात ठेवतानाही मोबाईलविषयी बोलत होते. त्यांना झोप येत नव्हती, त्यासाठीच आणलं होतं. त्यांच्या बायकोचं म्हणणं, की झोप यायला आधी तोंड मिटावं लागतं. तिनं सगळ्यांदेखत पैज लावली. मोकळिकीपर्यंत एक शब्द बोलला नाहीत, तर यापुढे चारचौघांत तुम्हाला कधी ‘पुरे’ म्हणणार नाही. आणि बोललात, तर माझ्या स्वयंपाकावर निकाल देणं जन्मभर बंद. न्यायाधीश म्हणाले, आयुष्यभर मी कोर्टाला गप्प बसवलं, मला स्वतःला बसवणं काय कठीण? हे त्यांचं शेवटचं वाक्य. मग घंटा झाली आणि ते तोंड मिटून आत गेले.

पहिल्या दिवशी ते टेबलावर पालथे झाले आणि दोघी जावा दोन बाजूंना उभ्या राहिल्या. एरवी सुरुवातीला थोरली हलकेच ‘चल’ म्हणायची आणि चार हात निघायचे. आता कोण म्हणणार? थोरलीनं वाट पाहिली, धाकटीनं पाहिली. मग दोघींनी वेगवेगळ्या वेळी सुरुवात केली. धाकटीचे हात पोटरीशी पोचले तेव्हा थोरलीचे कमरेशी होते. धाकटी रागात होती, म्हणून डावी बाजू रगडून निघत होती. थोरलीही रागात होती, पण तिचा राग मनगटाच्या पुढे उतरतच नव्हता. न्यायाधीशांनी मान उचलून आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. दोन्ही पक्षांना एकदा नीट पाहून घेतलं आणि पुन्हा मान खाली घातली. या माणसाला शेवटच्या दिवशी तोंड फुटणार होतं, आणि त्या तोंडातून काय निघणार हे थोरलीला आत्ताच कळलं होतं.

दुसरा दिवस तसाच गेला, तिसराही. चौथ्या दिवशी तेलानंतर वाफ होती.

वाफेची पेटी म्हणजे एक लाकडी कपाट. माणूस आत स्टुलावर बसतो, मुंडकं वरच्या भोकातून बाहेर, कडी बाहेरून. शेजारी गॅसवर काढ्याचं भांडं, त्याची वाफ नळीनं आत. डोक्यावर गार पाण्याची घडी. जन्मभर दुसऱ्यांना पिंजऱ्यात उभं केलेल्या माणसाला आत शिरताना थोडं चमत्कारिक वाटलं असावं, पण तक्रार करायची तर बोलावं लागलं असतं. थोरलीनं कडी घातली, गॅस पेटवला आणि बटण फिरवलं. बटण घट्ट होतं. हाताला मुंग्या होत्या. पुरतं फिरलं असं तिला वाटलं.

घडीसाठी गार पाणी आणायला ती एकदा बाहेर गेली आणि लगेच परत आली. धाकटी कोपऱ्यातल्या मोरीत पाठमोरी बसून चादरी पिळत होती. मग थोरलीला आठवलं, की पुढच्या पाहुण्याचं तेल तेलघरात गरम व्हायला ठेवलंय. ती दाराशी आली. ‘दिला’ हा शब्द सवयीनं जिभेपर्यंत आला. पण मी का आधी बोलू? धाकटीला कान आहेत की. थोरलीनं दार मुद्दाम करकर वाजवलं आणि बाहेर पडली. तिच्या हिशेबी ते ‘दिला’ झालं.

धाकटीनं करकर ऐकली. तिनं मघाची पहिली करकरही ऐकली होती. पहिल्या वेळी ताई गेल्या, आता आल्या, असा तिनं हिशेब केला. थोरली मधे परत आली ती करकर मोरीच्या नळाच्या आवाजात बुडाली होती, मग ते धाकटीला कसं कळावं? वळून बघितलं असतं तर कळलं असतं. पण वळलं तर तोंड दिसलं असतं, आणि तेच तर बघायचं नव्हतं. तिनं चादरींची बादली उचलली आणि मागच्या दारानं दोरीकडे गेली.

थोरली तेलाचं भांडं घेऊन तेलघराच्या पायरीवर आली. समोर अंगणापलीकडे धाकटी चादर झटकत होती. धाकटीनं चादरीच्या कडेवरून थोरलीला बघितलं.

दोघींच्याही मनात एकच प्रश्न उभा राहिला. आणि सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगायला हवं, दोघीही तशाच उभ्या राहिल्या. आत एक माणूस वाफेत कडी घालून बसलेला, आणि या दोघी बघतायत, आधी कोण बोलतंय ते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथे तर सुंभाच्या जागी एक न्यायाधीश होता.

थोरलीचा धीर आधी सुटला. “घेतलास ना गं?”

“दिलात कधी?” धाकटी म्हणाली.

मग चादर चिखलात पडली, तेलाचं भांडं मात्र थोरली हातात घेऊनच धावली, आणि वाटेत तिनं निम्मं तेल स्वतःलाच लावून घेतलं. दोघी दोन दारांनी आत शिरल्या. पेटीवर न्यायाधीशांचं डोकं एका खांद्यावर कललं होतं. घडी डोळ्यांवर घसरलेली, तोंड उघडं.

थोरली कडीशी झोंबली. कडी घामेजलेली, हात तेलकट, आणि उजव्या हाताची बोटं नुसती शोभेला. एकदा सटकली, दोनदा सटकली. इतके महिने जे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूला सांगितलं नव्हतं, वैद्यबाईंपुढे अर्धवट मान्य केलं होतं, ते तिच्या तोंडून आता निघालं.

“माझा हात चालत नाही गं. तू काढ. माझा हात गेलाय.”

धाकटीनं तिला कंबरेनं बाजूला सारलं आणि कडी काढली. दार उघडलं. थोरलीनं मोठ्यानं रडायला सुरुवात केली. भल्या माणसाला आम्ही मारला, आमच्या भांडणानं मारला, असं ती रडता रडता म्हणत होती. धाकटी तिच्या गळ्यात पडली आणि तीही रडायला लागली.

“कोण गेलं?” न्यायाधीशांनी विचारलं.

दोघींचं रडणं जागीच थांबलं. न्यायाधीशांनी डोळ्यांवरची घडी काढली आणि जांभई दिली. “किती वर्षांनी अशी झोप लागली,” ते म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा एकदम पडला. आपण बोललो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

धाकटीनं गॅसकडे बघितलं. बटण अर्धंच फिरलं होतं. काढ्याला नुसती कोमट वाफ धरली होती, आणि ती अंगाला लागून माणूस आईच्या कुशीत झोपावा तसा झोपला होता. थोरलीच्या ज्या हातानं कडी निघाली नाही, त्याच हातानं गॅस पुरता उघडलाही नव्हता.

न्यायाधीश पेटीत तसेच बसून राहिले. त्यांनी कडीकडे बघितलं, दोन दारांकडे बघितलं, दोन रडलेल्या बायांकडे बघितलं. सगळा पुरावा समोर होता. थोरलीनं डोळे पुसले. बाई अडाणी असेल, पण देवघेव तिला कळत होती. साहेब, तुम्ही काही बोललात का, आम्हाला तर काही ऐकू आलं नाही, असं ती हळूच म्हणाली. न्यायाधीशांनी स्वतःच्या हातानं पेटीचं दार ओढून घेतलं, वरच्या भोकातलं मुंडकं सरळ केलं आणि डोळे मिटले. म्हणजे पेटी सोडून कुणी गेलं होतं, हे त्यांनाही दिसलेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी एवढी झटपट तडजोड बहुधा कधी घडवली नसावी.

त्या दुपारी दोघी मागच्या पायरीवर बसल्या. चिखलातली चादर पुन्हा धुवायची होती, ती मधे ठेवली होती. थोरली म्हणाली, चार बायकांत का बोललीस? धाकटी म्हणाली, चुकलं. मग एकदम म्हणाली, “ताई, मला तुमची जागा नको होती. तुम्ही शहाळी द्यायला गेलात तर माझ्यासमोर कोण उभं राहणार, याची मला भीती वाटत होती.”

थोरलीनं चादरीचं एक टोक उचललं, दुसरं धाकटीनं उचललं, आणि दोघींनी मिळून पीळ घातला. पीळ डाव्या हातानं घालता येतो, हे थोरलीला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून थोरली डावीकडे. कुणाला सांगितलं नाही, गाजावाजा नाही. न्यायाधीश पालथे झाल्यावर तिनं ‘चल’ म्हटलं आणि चार हात खांद्यावरून निघाले ते तळपायाशी एकदम टेकले. मधे न्यायाधीशांनी नेहमीसारखी मान उचलली, आणि आज डावीकडे-उजवीकडे न बघता पुन्हा खाली ठेवली. तेल झाल्यावर ते आपण होऊन पेटीत जाऊन बसले आणि बोटानं गॅसचं बटण दाखवून अर्ध्या चंद्राची खूण केली. मग दोघींना दाराकडे जायची खूण केली. धाकटी गेली, जाताना ‘दिला’ म्हणाली. थोरली ‘घेतला’ म्हणून बसून राहिली, त्यांनी कितीही भुवया उडवल्या तरी. त्यांना पाच मिनिटांत झोप लागली.

शेवटच्या सकाळी टेबलावर न्यायाधीशांची बायको होती. गोलमटोल, हसरी बाई. खोलीत त्या तिघीच होत्या, मौन संपायला थोडाच वेळ राहिला होता, तेव्हा ती उशीतून बोलायला लागली. पैज जिंकणार बरं का आमचे हे, म्हणाली. थोरलीचा हात क्षणभर थांबला. बाई म्हणाली, दिवसा तोंड मिटलेलं असतं, पण चौथ्या दिवसापासून रोज रात्री गाढ झोपतात आणि झोपेत निकाल देतात. काल रात्री कुणाला तरी सक्तमजुरी दिली.

धाकटी म्हणाली, मग तुम्ही जिंकलात की.

“जिंकून काय करू? ते झोपलेत, हे बघायलाच तर आले होते मी,” बाई म्हणाली. “झोपेतलं मी मोजलं नाही. तुम्हीही मोजू नका.”

त्या पाठीवर थोरलीनं त्या दिवशी जरा जास्तच वेळ हात फिरवला.

मोकळिकीला सगळे गोल करून बसले. कडेनं तेलवाल्या बायका उभ्या, मधे वैद्यबाई. न्यायाधीश उठले. आठवडाभर साठलेलं पाणी धरण फोडून यावं तसे बोलायला लागले. खोल्या, समुद्र, डास, मुगाचं कढण, दिवसाला किती कप काढा दिला, सगळ्यावर मुद्देसूद निकाल. त्यांची बायको हात बांधून ऐकत होती, एकदाही ‘पुरे’ म्हणाली नाही. मग ते तेलावर आले. थोरलीनं उजवा हात पदराखाली घेतला. न्यायाधीश म्हणाले, की आठवड्याच्या पूर्वार्धात माझ्या अंगावर दोन पक्ष होते, उत्तरार्धात एकच उरला. आज माझी डावी आणि उजवी बाजू यांत कसलाही पक्षपात नाही, आणि मी झोपतो. पेटीचा त्यांनी नुसता ‘उत्तम’ म्हणून उल्लेख केला, बायकोकडे न बघता.

वैद्यबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी थोरलीकडे वळून विचारलं, म्हणजे मावशी, हात बरा झाला तर?

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. धाकटी शेजारी उभी राहून मनातल्या मनात ‘हो’ म्हणतच होती. शहाळं टळलं होतं, पाट शाबूत होता, कुणाला काही कळलं नसतं. थोरलीनं आपला उजवा हात पुढे करून बघितला. त्यात आत्तासुद्धा मुंग्या होत्या.

“हात नाही बरा झाला, वैद्यबाई. मी बाजू बदलली. उजवी आता हिची,” ती म्हणाली. सगळ्या बायका ऐकत होत्या, त्या तेलघरातल्या चारही.

धाकटी तिच्या कानाशी कुजबुजली, “ताई, कशाला सांगितलंत? मी सांभाळून घेतलं असतं.”

“म्हणूनच सांगितलं,” थोरली म्हणाली.

वैद्यबाई म्हणाल्या, बाजू कुठली हे मला काय करायचंय, आलेला माणूस अख्खा घरी गेला म्हणजे झालं. पण हाताला रोज तेल आणि शेक, आणि त्यात टाळाटाळ केली तर मात्र खरंच शहाळं. न्यायाधीश बसल्या बसल्या या निर्णयावरही बोलणार होते, पण बायकोनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘पुरे’ म्हणाली नाही. नुसता हात ठेवला.

लाँच गेली. नवी तुकडी संध्याकाळी यायची होती, तोवर खोली रिकामी होती. धाकटीनं तेल कोमट करून आणलं आणि थोरलीला टेबलापाशी स्टुलावर बसवलं. सवयीनं थोरली उजव्या बाजूला बसली होती, ते लक्षात आल्यावर उठून डावीकडे बसली. धाकटीनं आपला तळवा पुढे केला.

इतक्या वर्षांत थोरलीला कुणी तेल लावलं नव्हतं. तिला ओशाळल्यासारखं झालं. तोंड आणखीच रागावलेलं दिसायला लागलं. तिनं आपला उजवा हात उचलला, एकदा नीट बघितला, आणि धाकटीच्या तळव्यावर ठेवला.

“दिला,” ती म्हणाली.

“घेतला, ताई.”

थोरलीनं डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाली, अंगठ्याशी जोर जास्त होतोय, मी तुला असं शिकवलं होतं का?